राणीछाप रुपये मोडण्यापूर्वी



मी सातवी शिकलेली, भाषण मला येत नाही. घडले तेवढे सांगते. सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या पेटीतले अकरा रुपये मी सोनाराकडे मोडले. त्याने काट्यावर टाकले, चांदीचा भाव दिला. साल मीही पाहिले नाही.

मागाहून मुलाने सांगितले, तेव्हा डोळे उघडले. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. मोठा गवगवा झाला, सरकारने ते रुपये परत घेऊन बहुतेक वितळविले. उरलेल्यांना लिलावात चांदीच्या कितीतरी पट किंमत येते. 1939 चा तर त्याहून दुर्मिळ, त्याची बोली लाखावर गेलेली आहे! उलट 1862 चा राणीछाप त्याहून कितीतरी जुना, पण तो पुष्कळ निघाला, म्हणून स्वस्त.

तेव्हा आधी साल वाचा. चिंच, राख लावून घासू नका. झिजलेल्याला मोल उतरते. कडी डागलेल्यालाही उतरते. होळीला धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बाया रुपयांच्या माळा घालतात, त्या मात्र अंगावरच शोभतात.

माझ्या अकरांत 1939 चा होता की नाही, ते सासूबाईंनाच ठाऊक.