कनोसाच्या दारात



राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्या संघर्षाची चर्चा निघाली की युरोपच्या इतिहासातील एक चित्र हटकून पुढे येते. १०७७ च्या जानेवारीतील कडाक्याची थंडी, इटलीतील कनोसाचा डोंगरी किल्ला, आणि त्याच्या दारात जाडीभरडी लोकरी वस्त्रे घालून अनवाणी उभा असलेला जर्मनीचा राजा चौथा हेन्री. आत पोप सातवा ग्रेगरी. क्षमेसाठी राजाला तीन दिवस तिष्ठावे लागले. चित्रकारांना हा प्रसंग फार भावला. परंतु भांडणाचे मूळ त्या चित्रांत दिसत नाही.

ते मूळ होते बिशपांच्या नेमणुकीत. त्या काळचा जर्मन बिशप म्हणजे केवळ धर्मगुरू नव्हे. त्याच्याकडे विस्तीर्ण जमिनी असत, त्यांचा वसूल असे. राजाच्या लढाईसाठी तो सैनिक पुरवी. शिवाय ब्रह्मचर्याच्या नियमामुळे त्याची जहागीर मुलाकडे जाण्याचा प्रश्न नसे. असा माणूस राजाला वंशपरंपरागत सरदारापेक्षा सोयीचा वाटावा, यात नवल ते काय! म्हणून बिशपपदाची अंगठी आणि धर्मदंड राजाच त्याच्या हाती देई. ही धर्माची चिन्हे राजाने देऊ नयेत, असा ग्रेगरीचा आग्रह. वाद चिघळला आणि फेब्रुवारी १०७६ मध्ये पोपने हेन्रीला बहिष्कृत करून प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले.

खरी धार या शपथमुक्तीत होती. आधीच रुष्ट असलेल्या जर्मन सरदारांच्या बंडाला तिने धर्माचे अधिष्ठान दिले. वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर राज्य गेले, असे त्यांनी हेन्रीला बजावले आणि निवाड्यासाठी पोपला ऑग्सबुर्गला पाचारण केले. पोप वाटेत असतानाच हेन्रीने ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून कनोसा गाठले. येथे त्याची चतुराई दिसते. ग्रेगरीतील राजकारणी पुरुषाला त्याला ताटकळत ठेवणे सोयीचे होते. ग्रेगरीतील धर्मगुरूला पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा नाकारणे शक्य नव्हते. नमला राजा, पण पेचात सापडला पोप.

सरदारांनी तरीही त्याच मार्चमध्ये दुसरा राजा निवडला. १०८० मध्ये पुन्हा बहिष्कार झाला. या खेपेस त्याचा धाक पूर्वीइतका राहिला नव्हता. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेतले, आपल्या पक्षाचा पोप बसविला आणि त्याच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घेतला. पुढील वर्षी ग्रेगरी सालेर्नो येथे परागंदा अवस्थेत वारला.

हेन्रीचा शेवटही सुखाचा नव्हता. पोटच्या मुलाने, पाचव्या हेन्रीने, धर्मपीठाचा पक्ष घेऊन त्याला पदच्युत केले. १००६ नव्हे, ११०६ मध्ये तो बहिष्कृत म्हणूनच मेला आणि त्याची शवपेटी श्पायर येथे, अद्याप पवित्र न केलेल्या एका प्रार्थनागृहात, पाच वर्षे पडून होती. ११११ मध्ये मुलाने तिला विधिपूर्वक मूठमाती दिली. त्याच वर्षी या धर्मनिष्ठ मुलाने अंगठी आणि दंडाच्या त्याच वादापायी रोममध्ये पोप दुसऱ्या पास्कलला कैद केले होते! अखेर ११२२ मध्ये व्होर्म्स येथे तडजोड झाली: अंगठी आणि धर्मदंड धर्मपीठाने द्यावेत, जमिनींचे अधिकार राजाने आपल्या राजदंडाने.