बीमखालची तीन इंच फट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी बँकेचा माणूस. बांधकामातलं मला काही कळत नाही, असं आमची मंडळी म्हणतेच. तरी आज पायाबद्दल बोलणार आहे, कारण पंचवीस वर्षांपूर्वी त्या खर्चाला सर्वांत जास्त विरोध मीच केला होता.

तेव्हा मी खजिनदार. आपली जागा म्हणजे कापसाचं रान. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात उलते, हे वडवणीकरांना काय सांगायचं! इंजिनिअर म्हणाले, साधा पाया नको, अंडर-रीम्ड पाईल घ्या. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी ही पद्धत रुळवलेली आहे. साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खोल भोक घ्यायचं. तेवढ्या खाली माती वर्षभर फारशी हलत नाही. तळाशी ते अडीच पट रुंद करायचं, कांद्यासारखं, आणि सळई बसवून काँक्रीट भरायचं. वरची माती फुगून पाईलला वर ओढू लागली, की हा कांदा धरून ठेवतो. पाईलवर बीम, बीमवर स्लॅब. म्हणजे घराचा भार वरच्या मातीवर येतच नाही.

मी म्हणालो, "आणि बीमखाली तीन इंच फट? हे कसलं काम?"

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मातीला फुगायला जागा नको का?"

सभेत माझा विरोध टिकला नाही. पण ओट्यांचे पैसे मी हट्टानं वाचवले. तिथे पाईल नाहीत, मुरूम टाकून थेट फरशी केली. त्या बचतीचा हिशेब दरवर्षी दारात दिसतो. मे महिन्यात ओटा भिंतीपासून सुटतो, बोट जाईल इतका. श्रावणात पुन्हा चिकटतो. मी तीनदा सिमेंट भरलं, मग नाद सोडला. आतल्या भिंतीला मात्र अजून तडा नाही.

आज हे सांगतोय, कारण उंदीर येतात म्हणून काही घरांनी ती फट विटा-मातीनं ठासून बुजवली आहे. कृपा करून मोकळी करा. बाहेरून जाळी लावा, आत काही भरू नका. आणि बाथरूमचं पाणी जोत्याशी मुरू देऊ नका. एक कोपरा ओला, दुसरा कोरडा राहिला, की माती सारखी उचलत नाही.

कुणाला आपली फट बघायची असेल, तर रविवारी सकाळी हाक मारा. बॅटरी घेऊन येतो. वाकता येत नाही, तेवढं तुम्ही वाका.