हजेरीपटावर कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं संक्षिप्त शब्दांकन)



मला इथे बोलावलं तेव्हा मी जरा बिचकले. तुम्ही बहुतेकजणी कामगार बायकांच्या बाजूने भांडणाऱ्या, आणि मी टेबलाच्या पलीकडे बसणारी. पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये, म्हणजे नव्याने वाढणाऱ्या कंपनीत, मी मनुष्यबळ विभागाची प्रमुख आहे. माणसं नेमणं, पगार ठरवणं, रजा, तक्रारी हे माझं काम. आमची कंपनी सुका कचरा गोळा करते, निवडते आणि पुनर्वापरासाठी कारखान्यांना देते.

मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत असे, "आपण नुसत्या नफ्यासाठी नाही, पर्यावरणासाठी काम करतो." मनापासून सांगत असे. आणि त्याच वाक्याच्या जोरावर हुशार मुली कमी पगारावर नेमत असे, हेही खरं. दुसरं वाक्य असायचं, "आपण एक कुटुंब आहोत." कुटुंबात बाईचे तास कुणी मोजत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? रविवारी काम निघालं की मुलीच थांबायच्या. ध्येयाचं काम म्हटलं की जादा कामाचे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

पण खरी गोष्ट ऑफिसातली नाही, शेडमधली आहे.

एकाच महिन्यात दोन बायकांना दिवस गेल्याचं कळलं. एक आमच्या ऑफिसातली इंजिनिअर. तिला 26 आठवड्यांची भरपगारी रजा दिली, केक कापला, फोटो काढले. दुसरी शेडमध्ये कचरा निवडणारी. पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच वेगळी करताना सुया आणि वापरलेले पॅड हाताला लागतात, असं तिचं काम. सातव्या महिन्यात ती यायची बंद झाली. मला ते तीन आठवड्यांनी कळलं. मी मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "ती सुटली ना. तिच्या जागी दुसरी आणलीय." मी रजिस्टर काढलं. त्यात तिचं नावच नव्हतं. शेडमधल्या 37 जणींपैकी एकीचंही नव्हतं. त्या ठेकेदाराच्या होत्या.

त्या रात्री मी हिशेब मांडला. ऑफिसात आम्ही 34. पन्नास किंवा अधिक कामगार असले की पाळणाघर हवं, असं 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलं. आम्ही 34 म्हणून निर्धास्त होतो. शेड मोजली तर 71. म्हणजे बायका मोजायच्या की नाही, यावर पाळणाघर ठरत होतं. प्रसूतीपूर्वीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या बाईला रजेचा हक्क आहे. रोजंदारीवरच्या बाईलाही तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांच्या खटल्यात सांगितलं. मला हे पाठ होतं. पाठ असून दिसलं नव्हतं.

लैंगिक छळाविरुद्धच्या समितीचंही तेच. 2013 च्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा कर्मचारी धरली आहे. आमची समिती होती, बाहेरची सदस्यही होती. पण माहितीचा फलक इंग्रजीत, पहिल्या मजल्यावर. शेडमधल्या बायका तो जिना कधी चढल्याच नव्हत्या.

मी मालकांकडे गेले. वाईट माणसं नाहीत ती. म्हणाले, "आधी कंपनी टिकू दे. पैसे घालणाऱ्यांना वाढ दाखवायची आहे. सगळ्यांना पटावर घेतलं तर किलोमागचा खर्च वाढेल." मी विचारलं, "मग आज तो खर्च कोण भरतंय?" यावर कुणी बोललं नाही. शहराचा कचरा कमी होतो, कारखान्याला स्वस्त माल मिळतो, आम्हाला शाबासकी मिळते, आणि त्याची किंमत एका बाईच्या कंबरेतून आणि बुडालेल्या मजुरीतून वसूल होते.

ही मांडणी माझी नाही. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हाच कचरावेचक बायकांनी सांगितलं होतं की आम्ही कामगार आहोत, ओळखपत्र द्या.

भांडायला चौदा महिने लागले. आधी 22 जणी पटावर आल्या, मग उरलेल्या. आणि तिथे मला दुसरा धडा मिळाला. मला वाटलं होतं, बायका खूश होतील. एक मावशी म्हणाल्या, "फंडाचे 12 टक्के कापणार, मग हातात किती येणार ते बोला. आठवड्याचं किराणाचं देणं महिनाअखेरीला भागत नाही." मी न विचारता त्यांचं भलं ठरवलं होतं. मग त्यांच्याबरोबर बसलो. हातात येणारी रक्कम घटणार नाही एवढा पगार वाढवला, आणि तो आठवड्याला द्यायचं ठरलं. आता समितीची बैठक शेडमध्ये होते, मराठीत, जेवणाच्या सुट्टीआधी, कामाच्या वेळात.

जी "सुटली" होती, तिच्या घरी मी गेले. मुलगी झाली होती. तिच्या रजेचे पैसे मी मिळवून देऊ शकले नाही. ती परत आली नाही. हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या योजनेत साथिन होत्या. बालविवाह थांबवायचं काम त्या करत होत्या, तेही मानधनावर. त्या कामापायीच 1992 साली त्यांच्यावर बलात्कार झाला. त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या लढ्यातून 1997 चा विशाखा निकाल आला आणि पुढे 2013 चा कायदा. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला 2022 उजाडावं लागलं, कारण त्यांच्याही पगाराला मानधन म्हणत होते. बाईच्या कष्टाला सेवा म्हटलं की मोल टाळता येतं.

मग आपल्या संस्थांत काय आहे? आपल्या वस्तीपातळीवरच्या कार्यकर्तीला मानधन मिळतं की पगार? तिला हक्काची सुट्टी आहे? प्रकल्पाचा निधी संपला की ती "सुटते" का? आपल्या ऑफिसची झाडलोट करणाऱ्या ताई आपल्या रजिस्टरमध्ये आहेत का? दहाजणी काम करत असतील तर समिती आपल्यालाही लागू आहे. ती आहे का?

ध्येय मोठं असेल तर हिशेब जास्त चोख हवा. परत गेल्यावर एवढंच करा. हजेरीपट काढा, शेजारी बसून कामाच्या जागी प्रत्यक्ष दिसणारी माणसं मोजा, आणि दोन आकडे जुळतात का ते बघा. जुळले नाहीत, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.