दाम कोण देतो, आणि कशाबद्दल देतो?



डॉक्टर लोकांस शिव्या देण्यासाठीं मी येथें उभा नाहीं. रात्रीं-अपरात्रीं धांवून येऊन अडलेल्या बाळंतिणीचा जीव वांचविणारे डॉक्टर तुम्ही-आम्ही पाहिले आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे कीं, डॉक्टरास दाम मिळतो तो कशाबद्दल?

आपल्या सुताराचेंच पहा. बलुतें होतें तेव्हां त्यास सालाचें धान्य ठरलेलें असे. नांगर वारंवार मोडला तर काम वाढे, धान्य वाढत नसे. म्हणून नांगर टिकावा यांतच त्याचें हित. तोच सुतार नगावर मजुरी घेऊं लागला कीं नांगर जितके मोडतील तितका त्याचा फायदा. बलुत्यांत जुलूमहि पुष्कळ होता, ती पद्धत परत आणा असें मी म्हणत नाहीं. माणूस तोच, हत्यारें तींच. पण दामाची वाट बदलली कीं नजर बदलते, एवढेंच सांगावयाचें आहे.

वैद्यकीचेंहि असेंच आहे. सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरास पगार ठरलेला. शस्त्रक्रिया झाली काय, न झाली काय, पगार तोच. खासगी इस्पितळांत शस्त्रक्रियेगणिक पैसा. 2019 ते 2021 सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत काय दिसलें? देशांतील सरकारी इस्पितळांत शंभर बाळंतपणांपैकीं सुमारें 14 पोट चिरून झालीं. खासगी इस्पितळांत सुमारें 47! खासगींत जाणाऱ्या कांहीं बायका अधिक वयाच्या किंवा अधिक अडचणीच्या असतील. पण तिपटीहून जास्त फरक निव्वळ तेवढ्यानें पडेल काय? उलट बाजूहि सांगितली पाहिजे. ठरलेल्या पगारांत रोगी टाळला तरी नुकसान नाहीं. म्हणून "पुढच्या दवाखान्यांत न्या" हा मंत्रहि आपण ऐकतोंच.

आतां आपल्या घरचें दुःख सांगतों. बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दरसाल ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम आधीं उचल देतो. मग एक दिवस काम बुडालें कीं खाडा, आणि खाड्याचा दंड सुमारें 500 रुपयांपर्यंत. फडावर संडास नाहीं, पाणी नाहीं. पाळींत पोट दुखूं लागलें, अंगावरून पांढरें जाऊं लागलें, तर ती बाई बसणार कोठें? अशी बाई डॉक्टराकडे गेली कीं सांगण्यांत येई, "पिशवी काढून टाक, नाहीं तर कॅन्सर होईल." 2019 सालीं ओरड झाली, तेव्हां सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तपासणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकीं 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक! साऱ्या देशांत 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत हें प्रमाण तीनांच्या आसपास आहे.

बंधूंनो, हिशेब मांडून पहा. डॉक्टरास शस्त्रक्रियेचा पैसा मिळाला. मुकादमाचा खाडा टळला. घरधन्यास वाटलें, दंड वांचला. आणि बाईस काय मिळालें? शस्त्रक्रियेसाठीं पुष्कळ जणींनीं पुन्हा मुकादमाकडूनच उचल घेतली. त्यांतल्या कित्येकी चाळिशीच्या आंतल्या. लहान वयांत पिशवी, आणि तिजबरोबर बीजकोशहि काढले, तर हाडें ठिसूळ होतात, हृदयरोगाचें भय वाढतें. सर्वांचा फायदा जिच्या शरीरांतून काढला, तिचेंच मत कोणीं विचारलें नाहीं!

यास उपाय नाहीं असें नाहीं. त्याच 2019 सालीं बीडमध्यें अशा शस्त्रक्रियेआधीं जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागेल असा हुकूम निघाला. रोगी पाठविल्याबद्दल कमिशन घेणें वा देणें डॉक्टरांच्या 2002 सालच्या आचारनियमांनीं मना आहे. खासगी इस्पितळानें दरांचा फलक लावावा, असा महाराष्ट्राचा 2021 सालचा नियम आहे. धर्मादाय इस्पितळांत शंभरांत दहा खाटा निर्धनांस फुकट आणि दहा दुर्बलांस सवलतीनें ठेवाव्या लागतात. पण मागणारा नसेल तर हे नियम कागदावरच राहतात.

म्हणून तीन गोष्टी करा. जीवावरचें दुखणें असेल तर क्षणभरहि थांबूं नका. पण सवडीची शस्त्रक्रिया सांगितली तर विचारा: न केल्यास काय होईल? औषधानें भागेल काय? मग सरकारी इस्पितळांत दुसरें मत घ्या आणि सारे कागद जपून ठेवा. दुसरें, दरांचा फलक आणि धर्मादाय खाटा हक्कानें मागा. त्यांत भीक नाहीं. तिसरें आणि मुख्य, मतें मागावयास येणाऱ्यास विचारा कीं, आमच्या दवाखान्यांतील रिकाम्या जागा केव्हां भरणार, फडावर संडास केव्हां होणार, आणि आजारी बाईचा खाडा केव्हां बंद होणार?

डॉक्टराची नीति सुधारा असा उपदेश करणें सोपें आहे. दामाची वाट सुधारणें कठीण. पण ती आपण सर्वांनीं मिळून धरली तरच सुधारेल.