खेळाडू हाही कामगारच



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मला विचारले, "भाऊ, वेतनकरार सोडून चेंडू कधीपासून हाती घेतला?" प्रश्न रास्त आहे. आपला खानदेश कुस्तीचा नि कबड्डीचा. फुटबॉलचे वेड कलकत्त्याला आणि गोव्याला. परंतु आज मी चेंडूविषयी थोडे आणि चेंडूवर ज्याचे पोट आहे त्या माणसाविषयी जास्त बोलणार आहे. शाळेने मला फारसे शिकवले नाही; जे शिकलो ते पगारपत्रके वाचून. त्यामुळे मैदानाकडेही मी त्याच नजरेने पाहतो.

नेव्हिल डिसोझा हे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? मूळ गोव्याचा हा गडी मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आघाडीवर खेळे. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकला तो गेला. हंगेरीने माघार घेतल्याने आपला संघ न खेळताच पुढे सरकला आणि १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला, ऑस्ट्रेलियाने फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा केला. तोही फेडला गेला. मध्यंतराला दोन-दोन. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्याने तिसरा मारला, पुढे किट्टूने चौथा घातला, आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू तो हा! उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच. पण तो सामना आपण ४-१ असा गमावला, आणि ब्राँझपदकाचा सामनाही बल्गेरियाने जिंकला. तरी एकूण चार गोल करून स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्याची गणना झाली.

हा सगळा खेळ 'हौशी' म्हणून खेळला गेला, हे ध्यानात घ्या. ऑलिंपिकचा नियमच तसा होता. मग खेळाडू खात काय असे? आपल्याकडे वाट काढली होती ती कंपनीच्या हजेरीपटाची. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, रेल्वे, पोलीस, सगळ्यांचे संघ. गडी कागदावर कारकून किंवा कामगार, आणि संध्याकाळी फॉरवर्ड. या व्यवस्थेला पुष्कळ लोक हसतात. मी हसणार नाही. गिरणीच्या साळखात्यातला विणकर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत साचा चालवू शकतो. फॉरवर्डचे भांडवल म्हणजे पहिली दहा पावले. तिशी उलटली की बचाव करणारा पोरगा त्याच्या आधी चेंडूवर पोचतो. गोलरक्षकाला अनुभव तारून नेतो, फॉरवर्डला तितका तारत नाही. अशा माणसाला खेळ संपल्यावरही पगार आणि प्रॉव्हिडंट फंड मिळत राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

तिच्यात खोट होती ती दुसरीकडे. तिकीट काढून लोक येत ते नेव्हिलसारख्याचा गोल पाहायला, पण त्याचा दर ठरे कारकुनाच्या श्रेणीने. आणि संघ टिके तो शेठजींच्या हौसेवर. गिरण्या गेल्या तसे त्यांचे संघही गेले. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ; तो २०१० साली मालकांनी बंद केला. नेव्हिल त्याच्या कितीतरी आधी, १९८० साली वारला. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

इंग्लंडात धंदेवाईक खेळ उघडपणे होता, पण तेथेही १९६१ च्या जानेवारीपर्यंत आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त कोणालाच देता येत नसे! जिमी हिल या खेळाडूच्या पुढारीपणाखाली संघटनेने संपाची नोटीस दिली, तेव्हा ती मर्यादा उठली. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवी. जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसलचा फॉरवर्ड. १९६० साली त्याने नव्या करारावर सही नाकारली, काही महिने बुचे विकण्याचे काम करून पोट भरले आणि संघटनेच्या पाठबळावर कोर्टात गेला. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी सांगितले की, ही पद्धत माणसाच्या रोजगारावरील अवाजवी बंधन आहे. संपाचा नि कोर्टाचा असा जोड आम्हांला गिरणीच्या लढ्यांतही क्वचितच साधला.

आता आपल्याकडेही करारपद्धत आली आहे. २०१४ पासून इंडियन सुपर लीग सुरू झाली, नामांकित खेळाडूंचे आकडे डोळे दिपवणारे झाले. पण गिरणीतल्या बदली कामगाराला विचारा, तो सांगेल की रोजाचा दर महत्त्वाचा, पण उद्या काम आहे की नाही हे त्याहून महत्त्वाचे. २०२५ च्या जुलैमध्ये संयोजकांनी पुढचा मोसम स्थगित ठेवला, आणि ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबाने आपल्या पहिल्या संघातील खेळाडूंचे व नोकरवर्गाचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. आमच्या भाषेत याला टाळेबंदीच म्हणतात.

यावर दाद मागायची कोठे? औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिच्यातील कामगाराच्या व्याख्येत अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारे आहेत. पत्रकार आणि औषधविक्रीचे प्रतिनिधी यांना नाव घेऊन आत घेतले आहे, आणि ते सहज मिळालेले नाही. खेळाडूचे नाव नाही. सात कामगार जमले की युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. मैदानावर तर एका बाजूलाच अकरा असतात! भारतीय खेळाडूंची संघटना २००६ साली निघाली. तिचा पहिला अध्यक्ष बायचुंग भुतिया, तोही फॉरवर्डच. तिने मालकांशी बोलावे, निवेदने द्यावीत, हे ठीकच. परंतु पत्रकारांप्रमाणे खेळाडूचाही उल्लेख व्याख्येत व्हावा, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजे, असे माझे मत आहे. ते पुष्कळांना पटणार नाही, हे मी जाणतो. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. ज्यांना पटले नसेल त्यांनी आधी विचारावे.