कोणत्या वयाला कोणते पुस्तक?

(शाखेच्या वार्षिक गुणगौरव मेळाव्यात रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींचे कौतुक करण्यासाठी आज आपण जमलो आहोत. दरवर्षी स्टीलचा डबा किंवा पेनचा सेट दिला जाई. यंदा कार्यकारिणीने ठराव करून प्रत्येकाच्या हाती पुस्तक दिले आहे. हा ठराव फलकावर लागल्यापासून सभासद कचेरीत येऊन विचारत आहेत, "आमचा तिसरीत आहे, त्याला काय आणू? मुलगी नववीत आहे, तिला काय देऊ?" बदली, बढती आणि थकबाकी सोडून असा प्रश्न युनियनच्या कचेरीत क्वचितच येतो. म्हणून आज त्याचेच उत्तर देण्याचे आम्ही योजले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. साहित्यावर व्याख्यान देणे आमचे काम नव्हे. पण आपल्या क्वार्टर्समध्ये कोणती पुस्तके हातोहात फिरली आणि कोणती कपाटात पडून राहिली, हे आम्ही पाहत आलो आहोत.

कोणी म्हणेल, युनियनचा याच्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून आठवड्याची सुट्टी मिळाली. ती विश्रांतीसाठी होती, तशीच घरासाठी आणि समाजासाठीही होती. आपल्याला रविवारी रेस्ट मिळेलच असे नाही, पण जेव्हा मिळते तेव्हा त्यातला अर्धा तास मुलाचा आहे. दुसरी गोष्ट पैशाची. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागे दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे झाला. हा भत्ता मुलांच्या नावाने येतो आणि बहुतेक घरांत फी, ट्यूशन आणि गाईड यांत संपतो. त्यातले शंभर रुपये महिन्याला गोष्टीच्या पुस्तकासाठी बाजूला काढा, एवढेच आमचे मागणे आहे. वर्षाला बाराशे रुपये होतात. त्यात दहा-बारा बारीक पुस्तके सहज येतात.

आता वयाप्रमाणे सांगतो. एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. वयाचे आकडे हे अंदाजाचे आहेत. ज्या मुलाचे वाचन मागे आहे, त्याला खालच्या वयाचे पुस्तक द्या आणि त्याला ते सांगू नका.

पहिला टप्पा तीन ते सहा वर्षांचा. या वयात मूल ऐकते आणि पाहते. म्हणून पुस्तक चित्रांचे हवे आणि वाचून दाखवणारे मोठे माणूस शेजारी हवे. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून चित्रे काढलेली 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांतील पुस्तके घ्या. त्यांत राजा-राणी नाहीत. आपल्यासारखीच घरातली माणसे आणि रोजच्या गोष्टी आहेत. मूल लगेच बोट ठेवून सांगू लागते, "ही आपली आजी." विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा बालकवितांचा संग्रह १९६१ सालचा. तो मोठ्याने म्हणून दाखवावा, अर्थ सांगत बसू नये. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची मराठी पुस्तके स्वस्त आणि चांगली आहेत. ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांच्यासाठी प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तेथे मराठी चित्रकथा फुकट वाचायला मिळतात. लोको पायलट, गार्ड बांधवांना आम्ही सांगू इच्छितो की ड्युटीवर फोन बंद ठेवावाच लागतो, पण रनिंग रूममध्ये झोप झाल्यावर दहा मिनिटे फोनवरून गोष्ट वाचून दाखवता येते. दोन रात्री बाप घरी नसला तरी त्याचा आवाज घरी असतो.

दुसरा टप्पा सात ते दहा. मूल आता स्वतः अक्षर जुळवून वाचते आणि पटकन कंटाळते. त्याला मोठा ठोकळा देऊ नये. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्यात गोष्ट, कविता, कोडे, विज्ञान सगळे थोडे थोडे असते. त्याची वर्गणी मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने भरा. स्वतःच्या नावाचे टपाल दारात आले की काय आनंद होतो, हे पोस्टमन बांधवांना आम्ही सांगण्याची गरज नाही. 'किशोर'चे जुने अंकही इंटरनेटवर मोफत ठेवलेले आहेत. ज्या मुलाचे पुस्तकात लक्ष लागत नाही पण हात सारखे काहीतरी उचकटत असतात, त्याला अरविंद गुप्ता यांची पुस्तके द्या. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी आणि विज्ञान. फिटरच्या घरातले मूल हे पुस्तक वाचता वाचता करून बघते.

याच टप्प्याच्या शेवटी 'तोत्तोचान' वाचून दाखवा. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक १९८१ साली निघाले. नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीत आणले आहे. पहिल्याच इयत्तेत खोडकर म्हणून शाळेतून काढलेली ही मुलगी टोकियोतल्या ज्या नव्या शाळेत जाते, तिचे वर्ग जुन्या रेल्वेच्या डब्यांत भरतात. एकदा शाळेसाठी आणखी एक डबा यायचा असतो. शाळेपर्यंत रूळ नाहीत, मग डबा येणार कसा, या उत्सुकतेपोटी मुले रात्री शाळेतच मुक्काम करतात. तो कसा येतो, ते आम्ही सांगत नाही. आपल्या कॅरेज-वॅगनच्या मंडळींनी आधी तर्क करावा आणि मग मुलाकडून वाचून घ्यावे. त्या डब्यात शाळेचे वाचनालय होते, एवढे मात्र सांगून ठेवतो.

तिसरा टप्पा अकरा ते तेरा. या वयात मुलाला धाडस हवे असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर बसून संकटात उडी घेतो. एक पुस्तक वाचले की मुले दुसरे मागतात, आणि मागणी हीच वाचनाची खरी खूण. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' जुना झाला तरी चालतो. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ सालचे चरित्र प्रत्येक कामगाराच्या घरी असावे. गुलामीत जन्मलेले पोर कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिकते आणि शेतीचा मोठा शास्त्रज्ञ होते.

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते छापून आले. पुष्कळ घरांत ते मुलाला रागावून दिले जाते, "वाच, आणि सुधार." असे दिले की मूल त्याचा धसका घेते. ते पुस्तक ४२ रात्रींत मांडलेले आहे. रोज रात्री एक, सगळ्यांनी मिळून वाचावे. अमळनेरच्या गिरणी कामगारांत काम केलेल्या माणसाचे हे पुस्तक आहे, हेही मुलांना सांगावे.

चौथा टप्पा चौदा ते सतरा. हा सर्वांत नाजूक काळ, आणि याच वयात आपण दहावीचे कारण सांगून अवांतर वाचन बंद करतो. पण मुलाच्या मनात याच वेळी प्रश्न येतात. आपण कोण, बाप काय काम करतो, लोक आपल्याला असे का वागवतात? त्यांची उत्तरे गाईडमध्ये मिळत नाहीत. प्रकाश संतांच्या 'वनवास'मधला लंपन आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो. बदलीमुळे ज्यांची मुले गावी राहिली आहेत, त्यांनी हे पुस्तक मुलाला द्यावे आणि आपणही वाचावे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' लहानसे आहे. विज्ञानाची गोडी असेल तर जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित'. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले 'पाडस' मुलगा आणि हरणाचे पिल्लू यांचे आहे. ते वाचताना डोळे भरून आले तर थट्टा करू नये. ॲन फ्रँकने १९४२ साली तेराव्या वाढदिवसापासून लिहिलेली रोजनिशी मराठीत मिळते. ती मुलींच्या हाती जरूर द्या. प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंग ढांग'मध्ये हिमालयात रस्ता बांधणारे मजूर आणि त्यांच्या जिवाची किंमत विचारणारा एक तरुण इंजिनिअर आहे. आपल्या ट्रॅकमन आणि गँगमन बांधवांच्या मुलांना ते जवळचे वाटेल.

सोळा वर्षांनंतर दया पवारांचे 'बलुतं', लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या', अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' द्यायला घाबरू नका. त्यांतली भाषा कडक आहे, पण जगणेही तसेच होते. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' हे मुंबईच्या गोदीत नोकरी केलेल्या बापाचे आणि त्याच्या मुलांचे पुस्तक आहे. ते वाचल्यावर बापाच्या युनिफॉर्मची लाज वाटणारे पोर दुसऱ्या नजरेने बघू लागते. बंधूंनो, शाळेत "वडील काय करतात?" असे विचारल्यावर मान खाली घालणारी मुले आपल्याच क्वार्टर्समध्ये आहेत. त्यांची मान वर करण्याचे काम आपल्या भाषणांपेक्षा असे एखादे पुस्तक लवकर करते.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्यांसाठी दोन शब्द. इटारसी, झाशीकडे हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाला लिपी येतेच. त्याला 'ळ' ओळखीचा करून दिला आणि वयाच्या एक टप्पा खालचे पुस्तक दिले की मराठी चालू लागते. सिकंदराबाद, गुंतकल, हुबळीकडे लिपीच निराळी, तेथे चित्रांच्या पुस्तकापासून सुरुवात करावी, मूल दहा वर्षांचे असले तरी. मात्र मुलाने शाळेच्या भाषेत वाचले तर अडवू नका. भोपाळच्या एकलव्य संस्थेचे 'चकमक' हे हिंदी मासिक उत्तम आहे. वाचनाची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेत नेता येते.

आता काय करू नये, तेही सांगतो. पुस्तक संपल्यावर प्रश्नपत्रिका काढू नका. "तात्पर्य काय?" असे विचारू नका. अर्धवट सोडले तर सोडू द्या. आणि मुलगी वाचत बसली असताना मुलाला सोडून तिलाच हाक मारून भांडी घासायला लावू नका. हे आपल्या घरोघरी होते, आणि त्यामुळे वाचणारी एक पिढी स्वयंपाकघरात थांबते.

शेवटी शाखेचे काम. इन्स्टिट्यूटमध्ये पुस्तकांचे कपाट आहे, पण कपाट उघडण्याची वेळ आणि आपल्या पाळ्यांची वेळ जुळत नाही. म्हणून ठरले आहे ते असे. कपाटाचा खालचा खण, मुलांचा हात पोचेल असा, बालपुस्तकांचा राहील. आठवड्यातून दोन संध्याकाळी निवृत्त सभासद आळीपाळीने तेथे बसतील. कर्मचारी हित निधीच्या समितीवर आपले प्रतिनिधी बसतात. ते बालपुस्तकांसाठी रक्कम लेखी मागतील. टपाल विभागातील बांधवांनी आपल्या कल्याण निधीतून अशीच मागणी करावी. फाटलेले पुस्तक परत आले तर दंड नाही, कारण फाटलेले पुस्तक वाचले गेलेले असते. तीन महिन्यांनी किती पुस्तके बाहेर गेली याचा हिशेब, वर्गणीच्या हिशेबासारखाच, फलकावर लागेल. आकडा कमी दिसला तर कार्यकारिणीला जाब विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो तुम्ही बजावावा.

मेळावा संपल्यावर लगेच पाठीमागच्या टेबलावर पहिला खण उघडला जाईल. मुलांना पुढे येऊ द्या, मोठ्यांनी मागे थांबावे. निवड त्यांची त्यांना करू द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!