सत्य वाक्यात घालताना

कसबा बावड्याच्या रस्त्याला कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयाची इमारत आहे. तिथे येणारा माणूस शिरोळचा असो की गगनबावड्याचा, एक शब्द त्याला तोंडपाठ असतो. तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅफिडेव्हिट’. हा शब्द आपण इंग्रजी समजतो. वास्तविक तो लॅटिन आहे, आणि नुसता शब्दही नव्हे. ते एक संपूर्ण वाक्य आहे. ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’ असा त्याचा अर्थ. कर्ता क्रियापदाच्या पोटातच आहे, जसा आपल्या ‘जाईन’मध्ये ‘मी’ असतो. म्हणजे लॅटिनचा गंधही नसलेली माणसे या रस्त्यावर रोज एक लॅटिन वाक्य बोलत असतात!

हे सुचायला कारण झाली आमच्या शेजारची एक मुलगी. ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, सत्याला लॅटिनमध्ये काय म्हणत्यात? आणि त्याची सोपी वाक्यं करून द्या की.” मी कॉलेजात असताना दोन वर्षे लॅटिन घेतले होते. तेवढ्या शिदोरीवर आम्ही बसलो.

शब्द आहे ‘वेरितास’. मूळ विशेषण ‘वेरुस’, म्हणजे खरा. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘वेरा’ आणि नपुंसकलिंगी ‘वेरुम’. आपले खरा, खरी, खरे अगदी तसेच. त्या विशेषणाला भाववाचक प्रत्यय लागून ‘वेरितास’ झाला, जसा ‘खरे’ला ‘पणा’ लागून खरेपणा होतो. गंमत अशी की, साधा रोमन माणूस बोलताना पुष्कळदा ‘वेरुम’ म्हणे. ‘वेरितास’ जरा भारदस्त. आपणही घरात ‘खरं सांग’ म्हणतो आणि सभेत ‘सत्य’ म्हणतो. कागदपत्रे ‘व्हेरिफाय’ करून आणा असे कचेरीत सांगतात, त्यातही हाच ‘वेरुस’ बसला आहे. व्हेरिफाय करणे म्हणजे शब्दशः ‘खरे करणे’.

आता वाक्ये. इथे मराठी मुलाला इंग्रज मुलापेक्षा सोपे जाते, कारण लॅटिनमध्ये विभक्ती आहेत. इंग्रजीत ‘ट्रुथ’ वाक्यात कुठेही ठेवा, त्याचे रूप बदलत नाही. मराठीत ‘सत्य’चे सत्याचा, सत्याला, सत्याने होते. लॅटिनमध्येही तसेच होते.

पहिले वाक्य: ‘वेरितास मानेत’. सत्य टिकते. ही प्रथमा.

दुसरे: ‘आमीकुस वेरितातिस सुम’. मी सत्याचा मित्र आहे. ही षष्ठी.

तिसरे: ‘वेरिताती केदो’. मी सत्याला शरण जातो. ही चतुर्थी.

चौथे: ‘सीने वेरिताते आमीकितिआ नोन एस्त’. सत्यावाचून मैत्री नाही. यातला ‘एस्त’ म्हणजे आपल्या संस्कृतातला ‘अस्ति’. दोघे सख्खे चुलतभाऊ. आणि ‘सत्य’ हा शब्दही त्याच ‘असणे’ या धातूवरून आलेला. जे आहे, ते सत्य.

पाचवे वाक्य मुलीला फार आवडले: ‘पुएल्ला मात्री वेरितातेम दीकित’. मुलगी आईला सत्य सांगते. शब्दाखाली शब्द लिहून पाहा. मुलगी, आईला, सत्य, सांगते, क्रमसुद्धा तोच!

सहावे तिने स्वतः केले. आमच्या या बावड्यात लक्ष्मीविलास राजवाड्यात 26 जून 1874 रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, 24 सप्टेंबर 1873 रोजी, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. पुढे 1911 साली तो कोल्हापुरातही स्थापन झाला. मुलगी म्हणाली, “सत्यशोधक म्हणजे वाक्यच की, आजोबा!” खरेच आहे. ‘वेरितातेम क्वैरिमुस’. आम्ही सत्य शोधतो. जोतीरावांनी सत्य नुसते पाटीवर लिहिले नाही. त्याला क्रियापद जोडले, आणि क्रियापद आले की करणारा आलाच.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. ‘वेरितास’ हा शब्द अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रेवर एकटा उभा आहे. कॅथलिकांच्या डोमिनिकन संघाचेही ते ब्रीद आहे. आपल्या राजमुद्रेखालीही सत्याचेच वचन आहे. मुद्रेवरचे सत्य फार शोभते, आणि आपल्याला काही विचारत नाही. वाक्यात घातले की मात्र ते विचारू लागते: कोणी सांगितले? कोणाला सांगितले? केव्हा सांगितले?

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी हक्कसोडपत्र झाले. बहिणीने भावाच्या नावे जमिनीतला हिस्सा सोडला. “गुरुजी, तुमची सही असली म्हणजे झालं,” असे म्हणून मला साक्षीदार केले. मजकूर वाचून दाखवला, समजला व कबूल आहे, असे कागदात लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्या माउलीला कोणी काही वाचून दाखवले नव्हते. मी तिथेच बसलो होतो, आणि मी सही केली. चहा झाला, पेढे झाले.

चार वर्षांनी ती बाई माझ्या दारात आली. ओट्यावर बसली आणि एवढेच म्हणाली, “गुरुजी, तुमच्यासमोर मला कागद वाचून दाखवला होता का हो?”

मुलांना व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला. पण त्या एका वाक्याचे उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. शेवटी म्हणालो, “नाही, आक्का. वाचून दाखवला नव्हता.” पुढे तिच्या भावासमोरही मी तेच सांगितले. त्याने माझ्याशी बोलणे सोडले. जमीन काही परत आली नाही. पण “तू कबूल केलंस” हे जे तिला घरात ऐकावे लागत होते, ते थांबले.

म्हणून त्या दिवशी मुलीच्या वहीत मी सातवे वाक्य लिहिले: ‘वेरितातेम नोन दीक्सी’. मी सत्य सांगितले नाही. प्रथम पुरुष, भूतकाळ, नकारार्थी. तिने विचारले, “हे असलं कशाला, आजोबा?” मी तिला ही सगळी हकीकत सांगितली. ती काही बोलली नाही. मग वही ओढून घेऊन म्हणाली, “भविष्यकाळ सांगा.” भविष्यकाळ आहे ‘वेरितातेम दीकाम’. मी सत्य सांगेन. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेतो, ती याच काळात.

मंडळी, लॅटिन शिकायला हवेच असे मी म्हणत नाही. पण कोणी कागद पुढे करून “इथं सही करा” म्हणेल, तेव्हा क्षणभर थांबा. तो आधी वाचा. ज्याचे त्यात जाणार आहे, त्याला वाचून दाखवा. सही म्हणजे ‘मी’ या कर्त्याचे वाक्य. ते खरे असेल तरच खाली नाव घाला.